माझे साडू आणि खोटे आकडे

जगात कुणीही पहिल्या झटक्यात खरं कारण सांगत नाही, असं ठामपणे मानून अत्यंत सुखात जगणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. गाव बेंबळी, घर धनगराचं, बापजाद्यांनी मेंढरं राखलेली. हे मात्र शिकले आणि एका कॉलेजात संगणकाच्या खोलीत नोकरीला लागले. कॉलेजची वेबसाइट ज्या यंत्रावर चालते, त्या सर्व्हरची राखण त्यांच्याकडे आहे. राखण हा शब्द मी जाणून वापरतोय. माळावर कळप सोडून धनगर जसा काठीवर हनुवटी टेकून तासन् तास बघत उभा राहतो, तसे हे सर्व्हरपुढे बसतात. हनुवटी टेकायला काठी नसते म्हणून छत्री नेतात, बारा महिने. उंच, किंचित वाकलेले, आवाज इतका मऊ की रागावले तरी समोरच्याला वाटावं, चहा घेता का म्हणून विचारतायत. बोलता बोलता मध्येच थांबतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात. दुपारच्या चहाला सुरू झालेलं त्यांचं वाक्य दिवेलागणीला पुरं झालेलं मी स्वतः ऐकलं आहे, आणि मधल्या वेळात मी एक झोप काढली होती.

वेबसाइट उघडली नाही की पडद्यावर तीन आकडी नंबर उमटतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. चारशे चार म्हणजे तुम्ही मागितलेलं पान सापडत नाही. चारशे तीन म्हणजे पान आहे, पण ते बघायची तुम्हाला परवानगी नाही. पाचशे म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. पाचशे दोन म्हणजे पुढं बसलेला सर्व्हर सांगतो की माझी काही चूक नाही, मागचाच नीट उत्तर देईना. ही सगळी माहिती मला साडूंनीच दिली, एका उन्हाळ्याच्या सुटीत, आंबे खाताना. तुम्ही आम्ही तो नंबर वाचतो, हळहळतो आणि फोन खिशात घालतो. साडूंचं काम तिथून सुरू होतं. नंबर दिसला की ते मान हलवतात आणि म्हणतात, "ह्यो झाला त्येचा निरोप. आता त्येला खरंच काय झालंय ते बघू."

एकदा परीक्षेच्या तोंडावर पोरींना प्रवेशपत्रं मिळेनात. ज्या त्या फोनवर चारशे चार, सापडत नाही. प्राचार्यांनी कुणीतरी पान पुसून टाकलं असा निकाल दिला आणि पुसणाऱ्याचा शोध सुरू केला. स्टाफरूममध्ये एकमेकांकडे संशयानं बघणं सुरू झालं, शिपायानं तर आपण त्या खोलीत झाडूसुद्धा मारत नाही असं लिहून द्यायची तयारी दाखवली. साडू छत्रीवर हनुवटी टेकून दोन चहा होईपर्यंत बसले. पान होतं तिथंच होतं. ते ज्या कप्प्यात होतं त्याला कुलूप होतं, आणि पूर्वीच्या कुण्या शहाण्यानं सर्व्हरला शिकवून ठेवलं होतं की कुलूप आहे असं सांगूच नकोस, वस्तूच नाही म्हणून सांग. बाहेरच्याला आत काय आहे ते कळायला नको, हा हेतू. साडू म्हणाले की हे घरात बसून लेकराला दारात पाठवण्यासारखं आहे, बाबा गावाला गेलेत म्हण म्हणून. त्यांनी कुलूप काढलं. प्राचार्यांचा शोध पुढं आठवडाभर चालूच होता, कारण तो थांबवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पाचशेच्या नंबराचीही तीच कथा. वेबसाइट बनवून देणारी पुण्याची मंडळी फोनवरून सांगत होती की अख्खा प्रोग्राम नव्यानं लिहावा लागेल. साडूंनी बघितलं तर यंत्रात चिठ्ठी ठेवायलाही जागा उरली नव्हती. स्नेहसंमेलनांचे फोटो पिढ्यान् पिढ्या साठले होते, एकाच फेटेवाल्या पाहुण्याचे तीनतीनशे. पाचशे दोन तर त्यांच्या फार आवडीचा. त्यासारखा सरकारी नंबर दुसरा नाही, असं ते म्हणतात. कोणत्याही कचेरीत जा, खिडकीतला माणूस तोंडानं हाच नंबर देतो.

सर्व्हर आपल्याकडं आलेला प्रत्येक माणूस आणि त्याला दिलेलं उत्तर एका वहीत ओळीनं लिहून ठेवतो. त्या वहीला लॉग म्हणतात. साडू तिचे कागद छापून घरी आणतात आणि सुटीच्या दिवशी कडुनिंबाखाली बाजेवर बसून, बोट फिरवत, ओठांतल्या ओठांत वाचतात. त्यांच्या आईला, जिला सगळी वस्ती माय म्हणते, कित्येक वर्षं वाटत होतं की लेक पोथी वाचतोय. ती शेजारी हात जोडून बसायची. अध्याय संपला की कागदांना नमस्कार करून गूळ वाटायची. साडूंनी तिचा गैरसमज दूर केला नाही. मी विचारलं तर म्हणाले की त्यातही येणाऱ्याजाणाऱ्यांचीच हकीकत असते, आणि गूळ चांगला असतो.

हे सगळं कॉलेजच्या खोलीत राहिलं असतं तर आम्हा पाहुण्यांना तक्रारीला जागा नव्हती. पण साडूंनी ही नजर माणसांनाही लावली. मी ईटच्या शाळेत मास्तर. भर वैशाखात त्यांच्याकडं एक बारसं होतं. शाळेत तपासणी असल्यामुळे येता येत नाही, असं मी फोनवर कळवलं. ते हळूच म्हणाले की पाव्हणं, ह्यो नंबर बरोबर वाटत न्हाय. शाळेला सुटी लागून पंधरा दिवस झाले होते हे मी विसरलो होतो. खरं कारण ऊन आणि आळस. मी निमूट गेलो. त्यांच्या पुतणीचं लग्न मोडायला आलं तेव्हाही असंच झालं. मुलाकडच्यांनी पत्रिका जमत नाही म्हणून निरोप धाडला. घरात रडारड. साडू एकटेच जाऊन त्यांच्या ओट्यावर दिवसभर बसून आले. जेवणापर्यंत पत्रिका, चहापर्यंत मंगळ, आणि संध्याकाळी मुलाची आई सांगून गेली की आमच्या घरी नळ नाही, विहीर लांब आहे, शिकलेल्या मुलीला पाणी शेंदायला लावायची आम्हालाच लाज वाटते. नळ आला, लग्न झालं, पत्रिकेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. अक्का मात्र या गुणाला वैतागलेल्या असतात. त्या म्हणतात, साधं डोकं दुखतंय म्हणायची सोय नाही या घरात.

आता त्यांच्या सगळ्यात आवडत्या उद्योगाकडे येतो. साडूंचे थोरले भाऊ अजून मेंढरं राखत. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या आत परतायचे. ढोकीकडं ऊसतोड झालेल्या फडांत पाल्यावर मेंढरं चारायची, मग वर भूमच्या अंगाला, डोंगराच्या कडेकडेनं. वाटेत शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतात. दोन रात्री, तीन रात्री, जमिनीला खत होतं आणि कळप पुढं जातो. दोघा भावांत भांडण अजिबात नव्हतं, बोलायची सवय नव्हती एवढंच. थोरले फोनवर फक्त "हं" म्हणत, आणि धाकट्याचं वाक्य मध्येच थांबे, तेव्हा त्यांचं संभाषण म्हणजे दोन बाजूंनी ऐकलेला वारा. म्हणून साडूंनी कॉलेजच्याच सर्व्हरवर एक पान तयार केलं. थोरल्यांच्या फोनवर मेंढराचं चित्र असलेलं एक बटण बसवलं. सांजेला मेंढरं जाळीच्या कुंपणात घेतली की त्यांनी ते दाबायचं. लगेच बेंबळीत अक्कांच्या फोनवरच्या नकाशात पिवळा ठिपका हलायचा आणि खाली नाव यायचं, थोरले, ठीक आहे. मग गावातल्या इतर धनगरांनीही बटणं मागून घेतली. दिवेलागणीला माय फोन मांडीवर घेऊन बसायची. तिला वाचता येत नसे, पण आपल्या लेकाचा ठिपका भंडाऱ्यासारखा पिवळा आहे हे ठाऊक होतं. मीही काही संध्याकाळी तिथं बसलो आहे. तो ठिपका रोज बोटभर सरकायचा आणि बघता बघता डोळे जड व्हायचे. आठ-दहा माणसं आणि शेकडो मेंढरं कुठंतरी चालतायत, धूळ उडतेय, आणि आपण बाजेवर बसून त्यांच्याबरोबर चाललोय, असं वाटायचं.

गेल्या माघात मी बेंबळीला गेलो होतो. मायनं मला बघितल्याबरोबर सांगितलं, थोरला तुमच्याच गावाला आहे की, ईटच्या माळावर, भेटला का नाही? मला साखरेचा त्रास आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या धाकानं मी रोज सकाळी त्याच माळावर चालतो. मी सहज बोलून गेलो की भेटले होते, पण त्याला आठवडा होऊन गेला, मागच्या शनिवारीच कळप हलला, आता तिथं एक मेंढरू नाही. अक्कांनी फोन पुढं केला. पिवळा ठिपका ईटच्या माळावर होता. खाली, ठीक आहे.

साडू तेव्हा सुपारी कातरत होते. ते कातरायचे थांबले, उठले, आतून त्या पानाच्या लॉगचे कागद घेऊन आले आणि उभ्याउभ्या वाचू लागले. एक नंबर त्यांनी मला कधी समजावून सांगितलाच नव्हता, कारण तो पडद्यावर येत नाही. दोनशे. सगळं सुरळीत झालं की सर्व्हर वहीत दोनशे लिहितो. त्या कागदावर रोज दिवेलागणीला मायनं ठिपका मागितल्याची नोंद होती आणि पुढं दोनशे. दुसऱ्या दिवशी दोनशे. तिसऱ्या दिवशी दोनशे. थोरल्यांच्या फोनवरून मात्र आठ दिवसांत एकही ओळ आलेली नव्हती. साडू जन्मभर चारशे आणि पाचशेवाल्या ओळी तपासत आले होते. दोनशेच्या ओळी ते वाचतच नसत. सुरळीत आहे त्याला काय विचारायचं?

मग साडूंनी मला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. वर्षापूर्वी थोरले डोंगराआड गेले, फोनला रेंज मिळाली नाही आणि पानावर आलं, सापडत नाही. अक्कांनी भाबडेपणानं ते वाचून दाखवलं. मायनं दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ठिपका आला आणि ती जेवली. त्या दिवशी साडूंनी पानाच्या पोटात दोन ओळी लिहिल्या. थोरल्याकडून काही आलं नाही तर कालचाच ठिपका दाखवायचा आणि ठीक आहे म्हणायचं. चारदोन दिवसांत काढून टाकू म्हणाले आणि विसरले. दुसऱ्यांच्या सर्व्हरमधली लबाडी पकडत फिरणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं, एक पाळून ठेवली होती.

थोरल्यांचा फोन बंद लागत होता. बरोबरचे चुलतभाऊ पुढं गेलेले, त्यांना वाटत होतं की ते मागून येतायत. आम्ही मोटारसायकलवर निघालो. त्या दिवशी साडूंचं एकही वाक्य मध्ये थांबलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. एकदाही त्यांनी लांब माळाकडं बघितलं नाही. ईटच्या पुढं एक शेतकरी म्हणाला, कळप लांब गेला. चहाच्या टपरीवर तेच उत्तर. साडूंनी ऐकून घेतलं आणि शेळ्या चारणाऱ्या एका बाईपाशी गाडी उभी केली, नुसते बसून राहिले. मग ती आपणहून म्हणाली की मोठा कळप गेला तो वेगळा, डोंगराच्या पायथ्याला ओढ्यापाशी एक म्हातारा जायबंदी होऊन पडलाय, बायको आहे जवळ आणि थोडी मेंढरं.

पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. एका बाभळीखाली थोरले बसले होते, पाय लांब केलेला, त्याला बांबूच्या कामट्या आणि लुगड्याच्या पट्ट्या बांधलेल्या. कोकराला वर काढताना ओढ्याच्या दरडीवरून घसरले होते. पाय गेला आणि खिशातला फोनही दगडावर फुटला. नंबर सगळे त्याच्यातच. वहिनी म्हणत होत्या, गावात जाऊन कुणाला तरी सांगते, पण यांनी त्यांना आठ दिवस जाऊ दिलं नव्हतं. थोरल्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आलास. लई उशीर केलास रं. हिला म्हणलं, बटण दाबलं न्हाय की तिकडं लगीच सापडत न्हाय म्हणून येतंय. तुला कळतंयच. रोज सांजच्याला वाटंकडं बघत हुतो."

साडू त्यांच्या पायाशी मातीत बसले. कामट्यांवरून हात फिरवत राहिले. "दादा, यंत्राची चूक न्हाय," ते म्हणाले. "त्येला खोटं बोलायला म्या शिकिवलं."

"मायसाठी?"

"व्हय."

"हं," थोरले म्हणाले.

पाय घोट्यापाशी मोडला होता. हाड वाकडं जुळायला लागलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की आठवडाभर आधी आणलं असतं तर सरळ जुळलं असतं. कुणाचंही पहिलं उत्तर कधी न मानणाऱ्या माझ्या साडूंनी ते तसंच मानलं, पुढं एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. मी शेजारी बसलो.

मायला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून मी आणि अक्का आत जाऊन उभे होतो. ती रागावली नाही. तिनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दोन दिस जेवले न्हाय म्हणून वर्सभर मला फसिवलंस व्हय? अरं, उपाशी ऱ्हायले आस्ते की. त्यो तरी सापडला आस्ता." त्या रात्री साडूंनी त्या दोन ओळी काढून टाकल्या.

थोरले आता लंगडतात. कळपामागं चालणं संपलं. मेंढरं चुलतभावांच्या कळपात घातली आणि ते बेंबळीतच असतात, दिवसभर कडुनिंबाखाली. कुठं लांबून घंटा वाजली की मान वर करतात. मला पूर्वी वाटायचं की ते मूळचेच अबोल आहेत. आता वाटतं, त्यांना बोलायला चालणं लागत असावं. दिवेलागणीला साडू पान उघडतात आणि मायला एकेकाचा ठिपका वाचून दाखवतात, कोण कुठल्या रानात उतरला ते. थोरल्यांचा फोन फुटलेला, बटण दाबायला कुणी नाही, त्यामुळे त्यांच्या नावापुढं आता रोज एकच येतं, सापडत नाही. साडूंनी ते नाव पानावरून काढायचं ठरवलं होतं. थोरल्यांनीच अडवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सापडत न्हाय म्हणलं की कुणीतरी शोधाया निघतंय, बरं वाटतंय."

परवा मी गेलो तेव्हाही वाचन चाललं होतं. एक ढोकीला, एक उसाच्या फडात, एक ओढ्याकाठी. मग साडूंनी वाचलं, थोरले, सापडत नाही. आणि वाचून झाल्यावर त्यांनी वळून मागच्या बाजेकडं बघितलं. अक्का सांगतात, ते रोजच बघतात, एकही दिवस चुकत नाही. बाजेवरून थोरले हं म्हणाले, आणि साडूंनी पुढचं नाव वाचायला घेतलं.